खऱ्या पोलिसाला प्रश्न विचारता आला, तरच खोट्याला विचारता येईल

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी

विषय: अटकेचा कायदा नागरिकांना तुम्हीच सांगण्याबाबत

स. न. वि. वि.

गेली काही वर्षं तुमच्या ठाण्यांतून कॉलेजांत, सोसायट्यांत, ज्येष्ठ नागरिक संघांत सायबर जनजागृतीचे कार्यक्रम होत आहेत. ते चांगले होतात, हे आधीच सांगते. तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असं धमकावून पैसे उकळतात तो ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात कुठेही नाही, हे तुमचे अधिकारी तिथे आवर्जून सांगतात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये तेच सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक रिंगटोनच्या जागी ऐकून ऐकून लोकांना पाठ झाला. तरीही निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतून अधिकारी म्हणून बाहेर पडलेली माणसं आयुष्यभराची पुंजी तोतयांच्या खात्यात भरतच आहेत. ही माणसं अडाणी नाहीत. समोर गणवेश दिसला आणि त्यांची वाचा बसली, एवढंच.

ती का बसली, याचं माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. खऱ्या पोलिसाला एकही प्रश्न विचारायचा नसतो, हे या माणसांना लहानपणापासून पक्कं माहीत होतं. मग खोट्याला कसा विचारणार?

तोतया काय म्हणतो ते पाहा. घरच्यांना काही सांगायचं नाही. वकिलाला फोन केलात तर प्रकरण वाढेल. कागद कसले मागता, स्क्रीनवर दाखवतो तेवढाच बघा. आम्ही सांगेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता उघडा. कलम ४८ म्हणतं, अटक झाली की नातेवाइकाला किंवा मित्राला ताबडतोब कळवा. कलम ३८ म्हणतं, चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. कलम ४७ म्हणतं, अटकेची कारणं सांगा आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनावर सुटता येईल हेही सांगा. कलम ५८ म्हणतं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करा. तोतयाचं प्रत्येक वाक्य यातल्या एकेका कलमाच्या बरोबर उलटं आहे. ही चार कलमं ज्याला माहीत आहेत, तो पहिल्या काही मिनिटांतच फोन ठेवून देईल.

पण तोतयाची भाषा आपल्या लोकांना परकी वाटतच नाही, ही खरी अडचण आहे. ती त्यांनी खऱ्या ठाण्यात ऐकलेली असते, नाहीतर ठाण्यात जाऊन आलेल्या कुणाकडून तरी. ‘मोबाइल इकडे टेबलावर ठेव.’ ‘काही केलं नसशील तर वकील कशाला आणलास?’ ‘साहेब येईपर्यंत बस तिकडे.’ ‘कलम कुठलं ते तुला काय करायचंय?’ मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे. कोठडीतल्या माणसांची बाजू मांडणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही वाक्यं मला ऐकीव नाहीत. आणि ती न बोलणारे, समोरच्याला खुर्ची देऊन कलम समजावून सांगणारे अधिकारीही मी पाहिले आहेत. हे पत्र त्या दोघांनाही आहे.

सुरुवात फोनपासून करू, कारण बहुतेकांचा पोलिसांशी पहिला संबंध तिथूनच येतो. ‘अमुक ठाण्यातून बोलतोय, उद्या सकाळी चौकशीला या.’ कशाची चौकशी, तक्रार कुणाची, साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून, यातलं काहीही सांगितलं जात नाही. त्या रात्री त्या घरात कुणी झोपत नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. त्यातही पंधरा वर्षांखालील आणि साठ वर्षांवरील पुरुष, कुठल्याही वयाची स्त्री, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांची विचारपूस त्यांच्या घरी जाऊनच करायची असते. ते आपणहून यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी. हा नियम नवा नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना ठाण्यात यायला भाग पाडलं, तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना याच नियमावरून सुनावलं होतं. माजी मुख्यमंत्र्यांची ही गत, तर बांधकामावरच्या मजूर बाईने ‘मी घरीच जबाब देईन’ कसं म्हणायचं?

आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर कलम ३५(३) ची नोटीस आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवायचं, नाहीतर नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २ जुलै २०१४ रोजी सांगितलं. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. माणूस साठ वर्षांवरचा किंवा दुर्बल असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की अशा नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावाव्या लागतील. या एका आदेशाचा तुम्हालाच केवढा उपयोग आहे! ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पोलिसांची नोटीस खरी मानू नका’ एवढं वाक्य तुम्ही छातीठोकपणे सांगू शकलात, तर तोतयांचा अर्धा धंदा बसेल. पण ते सांगायचं तर तुमच्या ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिसा जाणं आधी थांबायला हवं.

मग येतं ‘बसवून ठेवणं’. याला कायद्यात जागाच नाही. माणूस एकतर अटकेत असतो किंवा घरी जायला मोकळा असतो. संध्याकाळी आणून बाकावर बसवायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवायची आणि चोवीस तास तिथून मोजायचे, ही जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे. दंडाधिकाऱ्यांनाही. कागदावर काय वेळ लिहिली यावरून अटक ठरत नाही, त्या माणसाला उठून जाण्याची मोकळीक कधी संपली यावरून ती ठरते, हे मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. बाकावर बसलेल्याने ‘साहेब, मला अटक केली आहे का? नसेल तर मी निघू का?’ असं विचारलं, तर तो माज नव्हे. त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरतं.

रस्त्यावरची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि इथे मी तुमच्या बाजूनेही बोलणार आहे. नाकाबंदीवर उभ्या असलेल्या शिपायाला समोरून येणाऱ्या गाडीत कोण आहे हे माहीत नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे अशाच नाकाबंदीवर होते. हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्या रात्रीनंतर कुठल्याही नाकाबंदीवरचा पोलीस अंधारातून येणाऱ्या गाडीकडे सहजपणे पाहील, अशी अपेक्षा करणं चूक आहे. त्यात बारा-बारा तासांची ड्युटी, सणवार बंदोबस्तात. आवाज चढतो त्यामागे हेही असतं.

हे पत्र नागरिकही वाचतील, म्हणून त्यांना इथेच सांगते: गाडी थांबवायला सांगितली की थांबवा. पळू नका, वळवू नका. रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर किंवा दिसतील असे ठेवा, कागद काढायचे तर ‘डिकीतून काढतो’ असं सांगून काढा. अंगाला हात लावू नका, बोट नाचवू नका, ‘ओळखतोस का मी कोण’ हे तर चुकूनही म्हणू नका. गणवेशातल्या अधिकाऱ्याने लायसन्स मागितलं तर दाखवावंच लागतं, पण डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी तितकीच ग्राह्य आहेत. दंड अमान्य असेल तर वाद रस्त्यावर घालायचा नसतो, चलान घेऊन न्यायालयात घालायचा. छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचा, जागा आणि वेळ लक्षात ठेवा, घरी गेल्यावर लगेच लिहून काढा. अन्याय झाला असेल तर त्याचा हिशोब कागदावर होतो. रस्त्यावर जिंकण्याचा प्रयत्न करणारा बहुतेक वेळा हरतो, आणि कधीकधी जखमी होऊन हरतो. घरातल्या तरुण मुलांना हे सांगून ठेवा. रक्त गरम असतं तेव्हा बरोबर असलेला माणूसही स्वतःची बाजू स्वतःच बिघडवतो.

आता पुन्हा तुमच्याकडे. चालत्या गाडीची चावी हिसकावण्याचा, चाकातली हवा सोडण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने कुणालाही दिलेला नाही. कागदपत्रं ठेवून घ्यायची तर पोच द्यावी लागते, गाडी अडकवायची तर त्याची कलमं ठरलेली आहेत.

आणि मोबाइल. ‘फोन दाखव, गॅलरी उघड, चॅट दाखव’ हे हल्ली फार सहज म्हटलं जातं, विशेषतः रात्री फिरणाऱ्या पोरांना आणि जोडप्यांना. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ साली एकमताने सांगितलं. गुन्ह्याचा खरोखर संशय असेल तर फोन जप्त करण्याची रीत आहे: पंचनामा करा, आणि आता कलम १०५ नुसार त्या झडती-जप्तीचं चित्रीकरणही करा. दुसऱ्याच्या फोनमधले फोटो सहज म्हणून चाळणं यात कुठेच बसत नाही. जोडप्याच्या आईवडिलांना फोन लावण्याची धमकी तर त्याहून नाही. ते दोघं सज्ञान असतील आणि त्यांनी गुन्हा केला नसेल, तर तुमचं तिथलं काम संपलं.

अटकेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे कायदा गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या सवयींच्या बराच पुढे गेला आहे. अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आधी ईडीच्या अटकांबाबत ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, मग मे २०२४ मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याबाबत. बऱ्याच ठाण्यांत समज असा झाला की ही मोठ्या प्रकरणांची गोष्ट आहे, आपल्या चोरी-मारामारीला लागू नाही. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात न्यायालयाने हा समज संपवला. गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी द्यायची, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी ते शक्यच नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा, रिमांडही बेकायदा, आणि माणूस सुटायला मोकळा.

इथे मी आरोपीची वकील म्हणून खूश व्हायला हवं. पण विचार करा, एखाद्या बाईवर अत्याचार करणारा, तपास चांगला झालेला असताना, केवळ एक पान वेळेत दिलं नाही म्हणून बाहेर आला तर तिला काय सांगणार? ‘कारणं लेखी द्या’ असं म्हणणारा आरोपी किंवा त्याची बायको त्या घडीला तुमच्या केसमधली फट तुम्हाला फुकटात दाखवत असते. तिला हाकलून देऊ नका.

समजेल अशी भाषा यावर जरा थांबते. आपल्या राज्यात ती दर वेळी मराठी नसते. भामरागडच्या माणसाला माडिया समजते, धडगावच्या माणसाला भिली-पावरी. शहरांतल्या बांधकामांवर ओडिया, बंगाली बोलणारे आहेत. आणि ज्याला मराठी येते त्यालाही ‘सदर इसमाने संगनमताने नमूद ता. वेळी व ठिकाणी’ असं सुरू होणारं पान वाचून काय कळणार? फिर्यादीचा मजकूर तसाच उतरवून काढणं म्हणजे कारणं देणं नव्हे. ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, तू अमुक केल्याचा आरोप आहे, पुरावा म्हणून हे हे मिळालं आहे, आणि तुला बाहेर ठेवलं तर अमुक होईल असं आम्हाला वाटतं’, इतकं साधं लिहिता येतं. मी असं लिहिलेला कागद पाहिला आहे. एका तरुण उपनिरीक्षक बाईंनी तो हाताने लिहिला होता, एका पानाचा. आरोपीच्या आईला तो मी वाचून दाखवला तेव्हा तिचा राग गेला नाही, पण तिने पहिल्यांदा आरोप काय आहे ते नीट विचारलं.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलेल्याच आहेत, म्हणून भराभर लिहिते. कलम ३६: अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेच्या मेमोवर घरच्या एखाद्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. कलम ४३: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक नाही, अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला अधिकाऱ्याने, लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेऊन. बेड्या सराईत, पळून गेलेल्या किंवा कलमात नावानिशी दिलेल्या गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींना; सगळ्यांना नाही. कलम ४९: अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती. कलम ५३: अटकेनंतर वैद्यकीय तपासणी, आणि अहवालाची प्रत त्या माणसाला. अंगावर आधीची जखम असेल तर ती तिथे नोंदवून घेणं हे तुमच्याच हिताचं आहे. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर लॉकअप नाहीच, बालकल्याण पोलीस अधिकारी आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळ.

जबाबाचं मात्र भराभर सांगून चालणार नाही. स्वतःवर गुन्हा येईल अशा प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २०(३) ने दिला आहे. गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदावर सहीचा तर प्रश्नच नाही. आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली, तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग सोडून, न्यायालयात पुरावा म्हणून चालतच नाही. मग मारून मिळवलेल्या कबुलीचा उपयोग काय? हा प्रश्न मी अनेक अधिकाऱ्यांना खासगीत विचारला आहे. प्रामाणिक उत्तर एकाच प्रकारचं येतं: वरून दबाव असतो, चोवीस तासांत ‘डिटेक्ट’ झालं म्हणून सांगायचं असतं. तो दबाव खरा आहे. पण त्याची किंमत पट्ट्याखालच्या माणसाने का द्यायची?

लोकांना हेही माहीत नसतं की कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं आणि १५१०० हा त्याचा मदत क्रमांक आहे. हा क्रमांक ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या भिंतीवर लिहिलेला असावा, अशी माझी विनंती नाही, मागणी आहे.

नागरिक प्रश्न का विचारत नाहीत याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ‘शासकीय कामात अडथळा’. भारतीय दंड संहितेचं जुनं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. हे कलम लोकांच्या मनात भुतासारखं बसलं आहे. प्रत्यक्षात त्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग लागतो. नाव विचारणं, कलम विचारणं, कागदाची प्रत मागणं, वकिलाला फोन लावणं हा हल्ला नाही. खरोखर हल्ला झालेला पोलीस मी रुग्णालयात पाहिला आहे, त्याच्यासाठी हे कलम हवंच. पण मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या पोरावर ते लावलंत तर त्या जखमी सहकाऱ्याच्या केसचंच वजन कमी करता. चित्रीकरणावरून आठवलं: ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे ठाण्यातल्या चित्रीकरणाला ‘हेरगिरी’ म्हणायची सोय राहिलेली नाही. नागरिकांनीही चित्रीकरण करताना अंतर ठेवावं, कामाच्या आड येऊ नये, आणि पीडितेचा चेहरा टिपू नये.

तुमचे स्वतःचे कॅमेरे तर असायलाच हवेत. २ डिसेंबर २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारापासून लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली इथपर्यंत आवाजासह सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण किमान वर्षभर जपायला सांगितलं. कॅमेरा चालू असेल तर खोटा आरोप करणाऱ्यापासून तो तुम्हालाही वाचवतो. नेमका हवा तेव्हाच तो बंद असतो, तेव्हा न्यायालय कुणावर विश्वास ठेवेल?

पत्राने काय होतं, असं कुणी म्हणेल. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीला रात्री थांबवून घेतलं गेलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा कायदा बदलला. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या विधी सेवा संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. त्या पत्रालाच याचिका मानून १९९६ मध्ये जो निकाल आला, त्यातले अकरा नियम आज तुमच्या अटक फॉर्मच्या रकान्यांमध्ये छापलेले आहेत. नाव, वेळ, साक्षीदार, कुणाला कळवलं, शरीरावरच्या खुणा. तो फॉर्म भरताना कंटाळा येतो हे मी समजू शकते. पण त्यातला एकेक रकाना कुणाच्या तरी मरणानंतर वाढला आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात नेमलेला अधिकारी असावा आणि अटकेतल्या लोकांची नावं दर्शनी भागात लावलेली असावीत. ती खरोखर लावा, आणि घरचे शोधत आले तर त्यांना दारातूनच परत पाठवू नका. वर लिहिलेली कलमं मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत आणि तुमच्या हद्दीत जी दुसरी भाषा बोलली जाते तिच्यात, ठाण्याच्या बाहेर लावा. आत कोपऱ्यात, पंख्याच्या बटणांशेजारी नको. सायबर जनजागृतीच्या प्रत्येक कार्यक्रमात खरी अटक कशी होते यासाठी पंधरा मिनिटं ठेवा. लोकांना सांगा: पोलीस म्हणून कुणीही फोन केला तर नाव, हुद्दा, ठाणं विचारा, फोन ठेवा, आणि ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून उलट फोन लावा. दारात आला तर ओळखपत्र मागा. आणि मग तुमच्याच माणसाकडे कुणी ओळखपत्र मागितलं तर त्याने न चिडता दाखवावं, याची जबाबदारी तुमची.

२ जानेवारीपासून आठवडाभर तुम्ही पोलीस स्थापना सप्ताह साजरा करता. शाळेतल्या मुलांना ठाण्यात बोलावता, टेबलावर रायफली, अश्रुधुराची नळकांडी मांडून दाखवता, वायरलेसवर बोलू देता. मुलं खूश होतात. येत्या जानेवारीत त्याच टेबलावर रायफलीशेजारी एक कोरा अटक फॉर्म, एक कलम ३५(३) ची नोटीस आणि स्टेशन डायरीचं एक पान ठेवा. आणि एखाद्या हवालदाराला मुलांसमोर उभं करून सांगा, आता यांना नाव, हुद्दा आणि कलम विचारा बघू. बोलवलंत तर मीही येईन.

कळावे,
आपली,
विधी सेवा पॅनेलवरील एक वकील